मचाणावर गारठणाऱ्या जावईबापूंना

मूळचे साताऱ्याकडचे आणि आता अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात राहणारे एक वाचक लिहितात: "माझी पत्नी इथलीच. तिच्या माहेरी नोव्हेंबरातला हरणांच्या शिकारीचा हंगाम म्हणजे घरचा सण. आमचे सासरे, दोन मेहुणे, त्यांची मुलं असे सगळे जंगलातल्या लाकडी खोपटात राहायला जातात. गेल्या वर्षी मी प्रशिक्षण पूर्ण करून परवाना काढला आणि पहिल्यांदाच गेलो. पहाटे अंधारात बर्फातून चालत मचाणापर्यंत पोचलो, तोवर घामाघूम झालो होतो. अंगात कॉटनची थर्मल, दोन स्वेटर, जाड जॅकेट, पायांत तीन मोजे. तरी दीड तासात पायांची बोटं जाणवेनाशी झाली, हात लाकडासारखे झाले आणि मी खाली उतरून खोपटावर परतलो. धाकटा मेहुणा हसला. सासरे काहीच बोलले नाहीत, नुसती कॉफी पुढे केली. ते मला जास्त लागलं. वाटतं, आपलं शरीर या थंडीसाठी घडलेलंच नाही. यंदा आठशे डॉलरचं जॅकेट घ्यावं, की कामाचं निमित्त सांगून जाणंच टाळावं? टाळलं तर सासऱ्यांचं मन दुखावेल. गेलो आणि पुन्हा उतरलो तर उरलीसुरली अब्रूही जाईल."

प्रिय वाचक,

तुम्ही जॅकेटबद्दल विचारलं आहे, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. "पोचलो, तोवर घामाघूम झालो होतो." त्या सकाळचा निकाल तुम्ही मचाणाची शिडी चढण्याआधीच लागला होता.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण शंभर वॉट उष्णता तयार करतं. तोच माणूस बर्फातून, पाठीवर ओझं आणि खांद्याला रायफल घेऊन चालू लागला, की ती चारपाच पट होते. तुम्ही कपडे घातले होते बसण्यासाठी आणि त्याच कपड्यांत चाललात. मग घाम येणारच. तो कॉटनने टिपला आणि धरून ठेवला. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वर बसून हालचाल थांबली, तयार होणारी उष्णता एकदम घटली, आणि तुमच्या अंगाला चिकटलेला ओला थर उरलेली ऊब शोषत राहिला. त्यावर आठशे डॉलरचं जॅकेट चढवलं असतं, तरी आतलं कापड ओलंच राहिलं असतं.

म्हणून जॅकेट आत्ताच घेऊ नका. आधी बाकीचं बघू.

"आपलं शरीर यासाठी घडलेलं नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. थंडीची सवय ही गोष्ट खरी आहे, आणि माणसामाणसांत फरकही असतो. काहींच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या गारठ्यात लवकर आणि जास्त आकसतात. पण उत्तर ध्रुवाजवळच्या अतिशय गार प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारे इन्युइट लोक काही उघड्या अंगाच्या भरवशावर राहिले नाहीत. त्यांची मदार कपड्यांच्या शास्त्रावर होती. कॅरिबू या हरणाच्या कातड्याचे दोन अंगरखे, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. कॅरिबूचा केस आतून पोकळ, त्यामुळे हवा धरून ठेवणारा. अंगरखे सैल, म्हणजे अंगाभोवती हवा कोंडून राहायची आणि फार उकडलं तर ती बाहेरही सोडता यायची. समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठभागावर सील जिथे श्वास घ्यायला वर येतो, त्या भोकापाशी ते तासन्‌तास निश्चल थांबत, आणि पायाखाली कातड्याचा तुकडा घेत. पावलांचा आवाज होऊ नये आणि बर्फाचा गारठा तळव्यांतून वर चढू नये, दोन्हीसाठी. हे सगळं शिकून मिळवलेलं ज्ञान आहे. ते तुम्हालाही शिकता येईल.

उलट बाजूही सांगते. तुमच्या सासुरवाडीच्याच मुलखात 11 नोव्हेंबर 1940 रोजी काय झालं ते सासऱ्यांना विचारा, त्यांनी वडीलधाऱ्यांकडून नक्की ऐकलं असेल. त्या दिवशी सकाळ इतकी उबदार होती, की मिसिसिपी नदीच्या पात्रातल्या बेटांवर बदकांच्या शिकारीला गेलेले लोक हलक्या कपड्यांत गेले. दुपारपर्यंत वारा सुटला, पावसाचं बर्फ झालं, तापमान कोसळलं, लाटांमुळे होड्या परत आणता येईनात. त्या वादळात मध्य-पश्चिमेत दीडशेच्या आसपास माणसं गेली. शेजारच्या मिनेसोटात 49, आणि त्यांतले जवळपास निम्मे बदकांचे शिकारी. दुसऱ्या दिवशी विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड छोटं विमान घेऊन त्या बेटांवर घिरट्या घालत अडकलेल्यांना शोधत होता आणि वरून अन्न, काड्यापेट्या टाकत होता. ही सगळी माणसं त्याच मातीत, त्याच हिवाळ्यात वाढलेली. जन्मगावाने त्यांना वाचवलं नाही. त्यांच्याजवळ त्या दुपारचे कपडे नव्हते आणि ती भिजली होती.

तर तुमची तयारी कशी असावी?

चालायला निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. आत फक्त मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर फार तर एक हलका शर्ट. जाड कोट, वरची पँट, जाड टोपी सगळं पाठीवरच्या पिशवीत. वेळेआधी अर्धा तास निघा आणि सावकाश चाला. घाम येतोय असं वाटलं की थांबा, टोपी काढा, कपड्याची गळ्याजवळची चेन (झिप) उघडा. मचाणाखाली पोचल्यावर पाचदहा मिनिटं नुसते उभे राहा, अंग निवू द्या. आतला शर्ट दमट झाला असेल तर तिथेच बदला. उणे दहा अंशांत कपडे काढायची कल्पनाच नको वाटेल, मला मान्य आहे. पण ते अर्धं मिनिट सोसलं, तर पुढचे तीन तास सुखाचे जातात. मग लोकरीचा किंवा फ्लीसचा मधला थर आणि त्यावर वारा अडवणारा कोट. घामाच्या वासाने हरीण सावध होतं हे शिकारी मंडळींना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे तुमच्या या सावकाश चालण्याला सासऱ्यांचा पाठिंबाच मिळेल. एक बारीक गोष्ट: नायलॉनचा बाहेरचा थर प्रत्येक हालचालीला सळसळतो. तिकडच्या जुन्या शिकाऱ्यांच्या जाड लोकरी कोटाचा आवाज होत नाही आणि तो वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तातही मिळतो. त्यावर भगव्या चमकदार रंगाची सैल बंडी चढवली की इतर शिकाऱ्यांना तुम्ही लांबून दिसता आणि कायद्याची अटही पूर्ण होते. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग त्या भगव्या किंवा चमकदार गुलाबी रंगाचा लागतो, टोपी घातली तर तीही निम्मी त्याच रंगाची. ही बंडी कोटावरही येईल अशा मापाची घ्या आणि चालतानाही ती अंगावर असू द्या. कोट पिशवीत आणि बंडीही पिशवीत, असं अंधारात एकदाही करू नका.

आता पाय, कारण तुम्हाला खाली उतरवलं ते पायांनी. तीन मोजे ही तुमची दुसरी अडचण. एकावर एक मोजे घालून बुटात पाय कोंबला की मोज्यांतली हवा दाबली जाते आणि रक्तही नीट फिरत नाही. पाय जितका आवळलेला तितका तो लवकर गार. एक पातळ मोजा, त्यावर एक जाड लोकरीचा, आणि बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा, इतका की आत बोटं मोकळेपणाने हलली पाहिजेत. आतलं फेल्टचं अस्तर बाहेर काढता येतं असे बूट त्या भागात सर्रास मिळतात. तुमचे आठशे डॉलर खर्च करायचेच असतील, तर त्यांतले दीडदोनशे आधी इथे घाला. रात्री अस्तर काढून शेगडीच्या जवळ, पण शेगडीला न टेकवता वाळवा. हीटर लावलेल्या गाडीतून जाताना ते बूट घालू नका, तिथेच पाय घामेजतात. गाडीत साधे बूट, उतरल्यावर हे. चालून झाल्यावर मोजे बदलले तर फारच उत्तम.

मचाणाचा तळ बहुतेक लोखंडी जाळीचा असतो. त्यावर टेकलेले बूट सतत उष्णता गमावत राहतात आणि खालून वारा लागतो तो वेगळाच. योगासनाच्या जुन्या चटईचा किंवा फोमच्या पट्टीचा तुकडा पायाखाली घाला, तसाच एक बसायच्या जागी. साऱ्या खरेदीत हा सगळ्यात स्वस्त सौदा आहे आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

हातांसाठी जाड पाच बोटांचे हातमोजे घेऊन उपयोग होत नाही, त्यांत प्रत्येक बोट एकटं पडतं आणि ट्रिगरही नीट जाणवत नाही. आत पातळ मोजे आणि कमरेला बांधायची लोकरी नळी, जिच्यात दोन्ही बाजूंनी हात घालून बसता येतं. त्या नळीत ऊब देणारी पुडी ठेवायची. या पुड्यांत लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची पूड आणि किंचित ओल असते. लोखंड हवेतल्या ऑक्सिजनने गंजतं आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून पुडी बसायच्या बरीच आधी उघडून हलवून ठेवावी लागते, आणि बंद बुटात हवा न मिळाल्याने हाताची पुडी थंड पडते. पायांसाठी वेगळ्या पुड्या येतात, त्या घ्या. कुठलीही पुडी थेट कातडीला लावू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तसं नाही, डोकं शरीराच्या साधारण एकदशांश आहे आणि उष्णताही त्याच प्रमाणात जाते. पण मान आणि कान झाकले की एकूण आराम खूप वाढतो, म्हणून कानटोपी आणि गळपट्टी हवीच.

खाण्याबाबतीत तुमच्या आईंचा सल्ला चालेल: शेंगदाण्याचा नाहीतर डिंकाचा लाडू. स्निग्ध आणि गोड असं दर तासाला थोडं पोटात गेलं की शरीराला इंधन मिळत राहतं. थर्मासमध्ये गोड चहा. लघवीला उतरावं लागेल म्हणून पाणी न पिणारे पुष्कळ असतात, तसं करू नका. रुंद तोंडाची रिकामी बाटली सोबत ठेवा. तिथले सगळेच ठेवतात, फक्त बोलत नाहीत.

दारूबद्दल स्पष्ट लिहिते. घोटभर घेतली की ऊब येते असं वाटतं, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळेच आतली उष्णता बाहेर पडते आणि थंडी वाजल्याची जाणीवही बोथट होते. हातात भरलेली रायफल असताना तर तो विषयच नको. ती रात्री, खोपटावर, बंदुका रिकाम्या करून ठेवल्यानंतर. आणि कुणी बंद तंबूत किंवा खोक्यासारख्या आडोशात गॅसची शेगडी पेटवत असेल तर आधी झरोके उघडे आहेत का ते पाहा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखू लागलं, मळमळलं, की ताबडतोब बाहेर.

इतकं करूनही तुम्हाला थंडी वाजेल. मग प्रश्न येतो खाली उतरण्याचा, आणि तुमच्या पत्रातला खरा सल तोच आहे.

बोटं बधिर झाली की माणसाला ट्रिगरवरचा दाब कळत नाही. सुरक्षेचा खटका लागला आहे की नाही हेही बोटांना समजत नाही. अंग फार गार पडू लागलं, म्हणजे आतलं तापमान 35 अंशांकडे उतरू लागलं, की आधी जोराची कापरं भरतात, मग वस्तू हातून निसटतात, जीभ जड होते, पाय अडखळतात, आणि निर्णय चुकतात. चुकताहेत हे मात्र त्या माणसाला कळत नाही. कापरं भरलेली असताना अचानक थांबली, तर ती सुधारणेची खूण नसते. शिवाय तुम्ही जमिनीपासून वर आहात. शिकारीतल्या दुखापतींचं एक मोठं कारण म्हणजे मचाणावरून पडणं, आणि बधिर हातांनी शिडी उतरताना तो धोका वाढतो. म्हणून तुम्ही दीड तासाने, हातापायांत अजून बळ असताना उतरलात, ते मला अत्यंत शहाणपणाचं वाटतं. त्या जंगलात तुमच्याच घरची मुलं आसपासच्या मचाणांवर बसलेली होती. गारठलेल्या हातातली रायफल ही तुमच्या एकट्याच्या सहनशक्तीची बाब राहत नाही.

यंदा नियम आधीच ठरवा: बोटाने अंगठ्याला स्पर्श केलेला जाणवेनासा झाला, की उतरायचं. रायफल रिकामी करायची, दोरीने खाली सोडायची, मग उतरायचं. मचाणावरून पडू नये म्हणून अंगावर घालून झाडाला अडकवायचा पट्ट्यांचा सुरक्षा साज जाड कपड्यांवर नीट बसतो का, हे घरीच घालून बघा. हिवाळी कोटावर तो अनेकदा अपुरा पडतो.

सासरे काही बोलले नाहीत याचा अर्थ तुम्ही 'नाराज झाले' असा लावलात. लावू शकता, पण पुरावा काय आहे? एका माणसाने गारठून आलेल्या जावयाच्या हातात गरम कॉफी दिली. माझ्या मते तो कमी बोलणारा माणूस काळजीत होता आणि बोचेल म्हणून गप्प राहिला. माझा अंदाज चुकूही शकतो, म्हणून विचारून टाका. "गेल्या वर्षी मी फार गारठलो, तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा काय घालत होतात? मला दाखवाल का?" एवढंच. पन्नास हिवाळे जंगलात काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणं हा त्याचा मान आहे. आपल्याकडे जावयाने सासऱ्यांपुढे उणेपणा दाखवू नये अशी एक रीत मनात बसलेली असते. तिथे ती उपयोगाची नाही, आणि खरं तर इथेही नाही. मेहुण्याचं हसणं सोडून द्या, त्याचेही पाय कधी ना कधी गोठले असतील.

त्याच बोलण्यात दुसरा पर्यायही काढा. मचाणावर सकाळभर बसणं हीच शिकार असं कुणी ठरवलं? त्या भागात हाकाऱ्याचीही रीत आहे: काही जण झाडीतून ओळीने चालतात, काही जण ठरल्या जागी थांबतात. चालणारा तुम्ही व्हा. अंग गरम राहील, जंगल कळेल, आणि घरच्यांना अशा माणसाची गरज असतेच. नाहीतर दोन तास बसणं, खोपटावर येऊन ऊब घेणं, दुपारी पुन्हा बसणं असं वाटून घ्या. उंच मचाणाऐवजी वाऱ्याआड जमिनीवरचा आडोसाही मागता येईल. वाऱ्याने केवढा फरक पडतो ते बघा: उणे 18 अंशांत ताशी 24 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 28 सारखं लागतं आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो.

न जाण्याचा पर्यायही खुला आहे, पण खोटं निमित्त काढून नको. शिकारच मनाला पटत नसेल तर तसं सांगा आणि खोपटावर स्वयंपाकाला जा. तुमच्या पत्रात मात्र तसा सूर कुठेच नाही. तुम्हाला जायचं आहे, असंच मला ते वाचून वाटलं.

एक तब्येतीचं. गारठ्यात बोटं पांढरीफटक पडून मग निळी, लाल होत असतील, किंवा घरातही तुम्हाला इतरांपेक्षा जास्त थंडी वाजत असेल, तर हंगामाआधी डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणं, थायरॉइड मंद असणं, बोटांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास, या तपासता येण्याजोग्या गोष्टी आहेत. कातडी पांढरी, कडक, बधिर झाली तर ती चोळू नका, बर्फाने तर मुळीच नको. आत या आणि पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तरच अंगाइतक्या कोमट पाण्यात बुडवा, मग दवाखाना गाठा.

अमेरिकेतल्या इतर वाचकांसाठी: नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. सासरे किंवा मित्र "धर जरा" म्हणाले तरी आधी परवाना आणि वकिलाचा सल्ला. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न येत नाही, पण डिसेंबरात ताडोब्याला पहाटेच्या उघड्या जिप्सीत बसणाऱ्यांना, लडाखला हिमबिबट्यासाठी दुर्बिणीमागे थांबणाऱ्यांना हेच सगळं लागू आहे. आणि रात्रीची वीज आली म्हणून थंडीत उसाला पाणी धरायला जाणाऱ्या शेतकरी बांधवांना तर सर्वांत जास्त. त्यांचे पाय खरोखर पाण्यात असतात. गमबुटात लोकरी मोजा, सोबत कोरड्या कपड्यांचा जोड, एवढं तरी घरच्यांनी पाहावं.

आता तुमच्यासाठी काम. ऑक्टोबरच्या शेवटी, पहिली कडक थंडी पडली की एका रविवारी पहाटे सगळा पोशाख पिशवीत भरा, अर्धा तास भरभर चालून या, परसात कपडे चढवा आणि खुर्चीवर दोन तास न हलता बसा. रायफल नको. कुठला अवयव आधी गारठला आणि कितव्या मिनिटाला, ते कागदावर लिहा. पायाची बोटं असतील तर बुटात सुधारणा, पाठ असेल तर घामाचा बंदोबस्त, मांड्या असतील तर बसायची गादी आणि पँट. आणि सगळं जमूनही छातीपोटाला थंडी वाजत राहिली, तरच तुमच्या त्या जॅकेटचा विचार करा. तेव्हाही दुकानात जाताना सासऱ्यांना सोबत न्या.